एक तिकीट, अनेक डोंगर

कुणी चुलीपुढं बसून ऐकत असाल, कुणी शेतातल्या लिंबाखाली, कुणी गटाच्या बैठकीत. आजवर या कार्यक्रमात आपण कर्जावर बोललो, शेळ्यांच्या लसीवर बोललो, सोयाबीनच्या बियाणावर बोललो. आज आम्ही बोलणार आहोत सुट्टीवर.

हसू आलं ना? आम्हालाही आलं होतं. बाईमाणसाला कसली सुट्टी? आपण घराबाहेर पडतो ते माहेरी जायला, लग्नाला, दवाखान्यात, नाहीतर नवस फेडायला. प्रत्येक वेळी कुणाचं तरी काहीतरी असतं. नुसतं बघायला, मोकळं हिंडायला म्हणून आपण कधी निघालो, हे आठवून बघा. आमच्या गटात हा प्रश्न निघाला तेव्हा बाराजणींपैकी एकीलाही उत्तर देता आलं नाही.

आता थोडं लांबचं सांगतो. एवढ्या लांबचं का, ते पुढं कळेल.

युरोपात आल्प्स नावाचा मोठा पर्वत आहे. हिवाळ्यात तिथं पुरुषभर बर्फ पडतो. त्या बर्फावर लोक एक खेळ खेळतात, त्याला स्कीइंग म्हणतात. पायात जाड बूट, बुटाला दोन लांब अरुंद फळ्या अडकवलेल्या, हातात दोन काठ्या, आणि उतारावरून घसरत खाली यायचं. आपली लेकरं माळावरच्या उतारावर पोत्यावर बसून घसरतात, तसाच प्रकार, फक्त उतार काही किलोमीटर लांब. खाली आल्यावर पुन्हा वर जायला तारेवर चालणारे पाळणे असतात. ते माणसाला डोंगरमाथ्यावर नेऊन सोडतात.

आम्हाला नवल वाटलं ते खेळाचं नाही, तिथल्या जोडणीचं. एका गावाचा एकच डोंगर असला, तर पाहुणा दोन दिवसांत कंटाळतो. म्हणून शेजारशेजारच्या गावांनी आपापले डोंगर पाळण्यांनी जोडून घेतले. सकाळी एका गावातून वर चढायचं, माथा ओलांडून दुसऱ्या गावात उतरायचं, तिथं जेवायचं, तिसऱ्या खोऱ्यात जायचं आणि संध्याकाळी मुक्कामाच्या गावी परत. सगळीकडं तिकीट एकच. फ्रान्समध्ये अशा एका भागाचं नावच 'तीन खोरी' या अर्थाचं आहे. तिथं जोडलेले घसरणीचे रस्ते मिळून सुमारे 600 किलोमीटर भरतात. धाराशिवहून मुंबई जेवढी लांब आहे, त्याहूनही हे जास्त. दुसऱ्या एका ठिकाणी तर फ्रान्स आणि स्वित्झर्लंड असे दोन देश या जोडणीत आहेत. माणूस फळ्यांवरून घसरत सरहद्द ओलांडतो आणि चहा प्यायला परत येतो.

इटलीत डोलोमाइट नावाचे डोंगर आहेत. तिथं 1974 पासून एकच तिकीट आहे, आणि आज त्यात बारा भाग आहेत. त्यात सेला नावाचा एक मोठा कातळी डोंगर आहे. त्याच्या भोवती चार खोरी आणि चार खिंडी. एका दिवसात लोक त्याला पूर्ण फेरी मारून येतात. उजव्या अंगानं जायचं तर नारिंगी खुणा, डाव्या अंगानं जायचं तर हिरव्या. आपण देवळाला घालतो तशी डोंगराला प्रदक्षिणाच म्हणा. त्या चार खोऱ्यांची बोलीही त्यांची स्वतःची आहे. ती बोलणारी माणसं जेमतेम तीस-चाळीस हजार. एवढी थोडी माणसं, तरी जोडून घेतल्यामुळं जगभरचे पाहुणे त्यांच्या दारात येतात.

ही खोरी पहिल्यापासून श्रीमंत होती असं समजू नका. आल्प्समधली बरीच गावं गरीबच होती. उन्हाळ्यात गुरं वरच्या कुरणात न्यायची, चीज करायचं, गवत कापून ठेवायचं. हिवाळ्यात हाताला काम नाही. मग बापे आणि पोरं शहरात जायची, कुणी धुराडी साफ करायला, कुणी फेरीवाला म्हणून. आपल्या कळंब, वाशी, भूम, परंड्याकडची माणसं दसरा-दिवाळी झाली की कोयता घेऊन ऊसतोडीला निघतात ना, तसंच. पुढं या खेळामुळं त्याच हिवाळ्यात गावातच काम मिळू लागलं. ज्या कुरणावर उन्हाळ्यात गायी चरतात, त्याच कुरणावर हिवाळ्यात पाहुणे घसरतात.

आता तुम्ही विचाराल, तिकीट एक आणि गावं अनेक, मग पैसे कुणाचे? आमच्या गटाच्या हिशेबनीस बाईंनीही पहिला प्रश्न हाच विचारला. पाळण्याच्या दारावर तिकिटाची नोंद होते. कुठल्या डोंगरावर किती जण चढले ते कळतं आणि त्याप्रमाणं पैशाची वाटणी होते. भांडण होत नसेल असं आम्ही म्हणत नाही. पण वही एक आणि ती सगळ्यांना दिसणारी, हे महत्त्वाचं.

तिथल्या दोन गोष्टी आपल्या ओळखीच्या आहेत. पहिली म्हणजे शेवटच्या गाडीची. दुपार कलली की पाळणे बंद व्हायला लागतात. शेवटचा पाळणा चुकला तर माणूस भलत्याच खोऱ्यात अडकतो आणि मग मोटारीनं लांबचा वळसा घालून, भरपूर पैसे मोजून मुक्कामी यावं लागतं. ज्यांची मुक्कामी एसटी चुकली आहे, त्यांना यातलं दुःख वेगळं सांगायला नको.

दुसरी गोष्ट पाण्याची. हल्ली तिथं बर्फ कमी पडू लागला आहे. कमी उंचीवरच्या काही ठिकाणचे पाळणे कायमचे बंद पडले. काही ठिकाणी तळी खोदून पाणी साठवतात आणि यंत्रानं बर्फ करून उतारावर पसरतात. आपण पावसाची वाट बघत आभाळाकडं बघतो, तसे ते बर्फासाठी बघतात. म्हणून एकाच पिकावर सगळं घर टांगू नये, हे तिथल्या लोकांनाही आता कळू लागलंय.

आपल्या देशातही हा खेळ आहे. काश्मीरमध्ये गुलमर्ग, उत्तराखंडात औली, हिमाचलात मनालीजवळ सोलंग. गुलमर्गचा पाळणा 1998 मध्ये सुरू झाला आणि 2005 मध्ये त्याचा दुसरा टप्पा झाला. तो माणसाला जवळपास 4000 मीटर उंचीवर नेतो, म्हणजे आपल्या बालाघाटाच्या पाच-सहा पट. औलीला जोशीमठातून पाळणा जायचा, पण 2023 च्या सुरुवातीला जोशीमठात जमीन खचू लागली, घरांना तडे गेले आणि तो पाळणा थांबवावा लागला. आपण 1993 चा भूकंप पाहिलेली माणसं. घराला तडा जाणं म्हणजे काय, ते आपल्याला कळतं.

आणि आपल्या बायका यात मागं नाहीत. शैलजा कुमार 1988 मध्ये कॅनडातल्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये स्कीइंगला उतरल्या. हिवाळी ऑलिंपिकमध्ये भारतातर्फे उतरलेल्या त्या पहिल्या महिला. मनालीजवळच्या बुरुआ गावची आंचल ठाकूर हिनं 2018 मध्ये तुर्कस्तानात कांस्यपदक मिळवलं. या खेळात भारताला मिळालेलं ते पहिलं आंतरराष्ट्रीय पदक. तीही खेड्यातलीच पोरगी.

तुम्ही म्हणाल, हे सगळं ठीक, पण आम्हाला काय त्याचं? आमच्याकडं गारा पडल्या तरी पिकाचा सत्यानाश होतो, बर्फ कुठला! खरं आहे. बर्फ आपल्याकडं नाही. पण डोंगर आहे, खोरी आहेत आणि जोडणीही आहे. आपण तिच्याकडं तसं कधी बघितलेलं नाही, एवढंच.

आपला बालाघाट धाराशिव जिल्ह्यातून आडवातिडवा गेला आहे. सोलापूरहून बीडकडं जाणारा मोठा रस्ता डोळ्यापुढं आणा. त्या एका रस्त्याला तुळजापूर आहे, धाराशिव आहे, येडशी आहे, येरमाळा आहे. दोऱ्यात मणी ओवावेत तशी गावं. येरमाळ्याला येडेश्वरी. येडशीला रामलिंगचं देऊळ, भोवती अभयारण्याचं रान, आणि पावसाळ्यात देवळाजवळ कोसळणारं पाणी. धाराशिव शहराच्या जवळच डोंगरात कोरलेली लेणी. आडवाटेला तेरणा नदीच्या काठी तेर. आज ते साधं गाव दिसतं, पण दोन हजार वर्षांपूर्वी ते तगर नावाचं मोठं व्यापाराचं शहर होतं. इथला माल पार रोमपर्यंत जायचा. संत गोरोबाकाकांचं गाव तेच. तिथल्या लामतुरे संग्रहालयात त्या जुन्या शहराच्या वस्तू ठेवल्या आहेत. मातीच्या मूर्ती, मणी, भांडी. आपल्यासारख्याच बायकांच्या गळ्यात असतील ते मणी.

पुढं तुळजापूर. तिथून साधारण 35 किलोमीटरवर नळदुर्गचा किल्ला. बोरी नदी अडवून किल्ल्यातच बंधारा बांधला आहे आणि त्या बंधाऱ्याच्या पोटात पाणी महाल आहे. चारशे वर्षांपूर्वीचं, आदिलशाहीतलं काम. नदीला पाणी चांगलं असलं की बंधाऱ्यावरून नर आणि मादी असे दोन धबधबे पडतात. आत उभं राहिलं की पाणी आपल्या समोरून कोसळतं आणि आपण कोरडेच. नळदुर्गच्या जवळ अणदूर. तिथला खंडोबा काही महिने अणदूरला असतो आणि काही काळ नळदुर्गजवळच्या मैलारपूरला. देवसुद्धा वर्षातून एकदा मुक्काम हलवतो, मग आपण का नाही?

या शेवटच्या वाक्यानंच आमच्या गटात ठरलं. गेल्या श्रावणात आम्ही बाराजणी तीन दिवसांच्या सुट्टीवर निघालो.

निघणं सोपं नव्हतं. ते कसं झालं ते नीट सांगतो, कारण तुमच्याही घरी हेच प्रश्न येणार आहेत. पहिला प्रश्न आला, "कशाला चाललाय? काय काम काढलंय?" आम्ही ठरवून सगळ्याजणींनी एकच उत्तर दिलं. काम काहीच नाही, बघायला चाललोय. नवस आहे, प्रशिक्षण आहे, असं काही खोटं सांगायचं नाही, हे बैठकीत आधीच ठरलं होतं. खोटं कारण सांगून मिळालेली सुट्टी पुढच्या वेळी पुन्हा खोटंच कारण मागते.

दुसरा प्रश्न दुभत्या जनावरांचा आणि शेरडांचा. बाराजणींपैकी चौघींच्या घरी दूध होतं. ज्या बायका येणार नव्हत्या, त्यांच्यातल्या दोघींनी धार काढायचं अंगावर घेतलं. त्या बदल्यात त्या तीन दिवसांचं दूध त्यांचं. पुढच्या खेपेला त्या जातील, तेव्हा आम्ही काढू.

तिसरा प्रश्न पैशाचा. नेहमीच्या बचतीला हात लावायचा नाही, असं ठरलं. दर महिन्याला प्रत्येकीनं 50 रुपये वेगळे काढले. बाराजणींचे महिन्याला 600, दहा महिन्यांचे 6000. वाट्याला आले 500 रुपये. त्यात एसटी, मुक्काम आणि चहा. भाकरी, धपाटे, शेंगदाण्याची चटणी घरूनच नेली. ज्या महिन्यात एखादीला 50 जमले नाहीत, त्या महिन्यात तिचं नाव कुणी मोठ्यानं वाचलं नाही, पुढच्या महिन्यात तिनं भरले.

दिवस निवडताना खुरपणी उरकलेली आणि सोयाबीन काढणीला अजून आलेलं नाही, असा मधला काळ धरला. नवरात्रातली गर्दी टाळली. पहिल्या दिवशी येडशीचं रामलिंग करून धाराशिवला मुक्काम, दुसऱ्या दिवशी सकाळी तेर आणि संध्याकाळी तुळजापूर, तिसऱ्या दिवशी नळदुर्ग आणि परत.

आमच्यात एक मावशी आहेत, वय बासष्ट. लग्न झाल्यापासून दरवर्षी तुळजापूरला जातात, एकही वर्ष चुकलेलं नाही. चाळीस वर्षांत त्या नळदुर्गला कधी गेल्या नव्हत्या. तुळजापूरहून जेमतेम तासाभराची वाट. पण दर्शन झालं की घरी परत, अशीच पद्धत. पाणी महालात त्या खिडकीपाशी बराच वेळ उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "हे इथंच होतं व्हय इतकी वर्षं?" यावर आम्ही काय बोलणार? होतं. इथंच होतं.

परत आल्यावर कुणाचं घर मोडलं नव्हतं. लेकरं उपाशी मेली नव्हती. एका घरात थोरल्या पोरानं भाकरी थापायला शिकून घेतलं, वाकडी का होईना. दोन घरांत आठवडाभर धुसफूस चालली, तीही आम्ही लपवत नाही. त्या दोन्ही बायकांनी या वर्षाचे 50 रुपये भरायला सुरुवात केली आहे, एवढंच सांगतो.

आता तिकिटाचं नीट ऐका. 17 मार्च 2023 पासून महिलांना एसटीत अर्धं तिकीट आहे, आपल्या राज्याच्या हद्दीत, साध्या गाडीपासून सगळ्या गाड्यांना. पासष्ट ते पंच्याहत्तर वयाच्यांनाही अर्धं आणि पंच्याहत्तरच्या पुढच्यांना मोफत. म्हाताऱ्या बायकांनी वयासाठी आधार कार्ड जवळ ठेवावं. याशिवाय एसटीची जुनी योजना आहे, 'आवडेल तेथे प्रवास'. चार दिवसांचा किंवा सात दिवसांचा पास काढायचा आणि त्या दिवसांत पाहिजे तिकडं हिंडायचं. आल्प्समधल्या त्या एका तिकिटासारखंच हे.

मग पास घ्यावा की अर्धं तिकीट काढावं? आधी कागदावर गणित करा. कुठून कुठं जायचं ते एकाखाली एक लिहा, प्रत्येकापुढं अर्ध्या तिकिटाचे पैसे लिहा आणि बेरीज करा. डेपोत जाऊन पासाचा आजचा दर विचारा, कारण दर बदलत असतात. बेरीज पासापेक्षा कमी आली तर पास घेऊ नका. जिल्ह्यातल्या जिल्ह्यात हिंडायचं तर बाईमाणसाला अर्धं तिकीटच स्वस्त पडतं. कोल्हापूर, नाशिक, कोकण असा लांबचा बेत असेल, तर पासाचा विचार करावा.

आणखी चार गोष्टी लक्षात ठेवा. प्रत्येक ठिकाणी उतरल्याबरोबर आधी परतीच्या शेवटच्या गाडीची वेळ विचारा, मग बघायला चला. संग्रहालयाला आठवड्याची सुट्टी असते, किल्ल्याची वेळ ठरलेली असते, म्हणून निघण्याआधी चौकशी करा. धबधब्याच्या कडेला फोटोसाठी जाऊ नका. आणि मुक्काम जिथं करायचा तिथलं संडास-बाथरूम आधी एकीनं जाऊन बघून यावं, मगच पैसे द्यावेत. लाजू नका. बायका घराबाहेर पडत नाहीत याचं निम्मं कारण हेच असतं, आणि ते कुणी मोठ्यानं बोलत नाही.

शेवटचा मुद्दा, आणि आमच्या मते मोठा. तुळजापूरला वर्षभर लाखो भाविक येतात. दर्शन घेतात, प्रसाद घेतात आणि निघून जातात. त्यांना तेर माहीत नाही, नळदुर्ग माहीत नाही, येडशीचं रान माहीत नाही, परंड्याचा किल्ला माहीत नाही. विजापूरला ठेवलेली प्रसिद्ध मुलूखमैदान तोफ पूर्वी परंड्याच्या किल्ल्यात होती, हे तर आपल्यातल्या किती जणींना ठाऊक होतं? त्यांचा मुक्काम एक दिवसानं वाढला, तर जेवण लागेल, चहा लागेल, झोपायला स्वच्छ खोली लागेल, विकत न्यायला काहीतरी लागेल. कुंथलगिरीचा खवा आणि तुळजापूरची कवडी, दोन्हींना भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे. ज्वारीची भाकरी आणि पिठलं तर आपल्या हातचंच आहे.

पण हे एकट्या गटाला जमणार नाही. एकटा डोंगर असलेल्या त्या गावासारखंच होईल. तेरच्या गटानं पाहुण्याला जेवू घालावं आणि पुढं नळदुर्गला कुणाकडं जायचं ते सांगावं. नळदुर्गच्या गटानं येडशीचा पत्ता द्यावा. सुरुवातीला पाळणे नकोत, मोठी इमारत नको. चार गावांतल्या चार गटांची एक वही आणि एकमेकींचे फोन, एवढ्यावर सुरू होईल. कुणाकडून किती पाहुणे आले ते वहीत लिहायचं आणि महिन्याला चारही गटांनी मिळून वाचायचं. हिशेब करणं आपल्याला नवीन नाही. भूकंपानंतर आणि दुष्काळात या जिल्ह्यातल्या बायकांनी रुपया-रुपयाचा हिशेब ठेवूनच घरं उभी केली आहेत.

आणि दुसऱ्याला वाट दाखवायची तर आधी ती आपण चाललेली पाहिजे. म्हणून सुरुवात सुट्टीपासून करा. पुढच्या बैठकीत दोनच प्रश्न विचारा. आपल्या घरापासून दोन तासांच्या आत असलेलं कुठलं ठिकाण आपण अजून बघितलेलं नाही? आणि महिन्याला 50 रुपये वेगळे काढायला कोण कोण तयार आहे? नावं लिहून ठेवा. बाराजणी नाही जमल्या तर पाचजणी निघा.

आम्ही या वर्षी परंड्याला जाणार आहोत. वाटेत तुमचं गाव लागलं तर पाणी प्यायला थांबू. तुम्ही आमच्याकडं आलात तर भाकरी तयार असेल.